डबा आईच्या हातात द्या

आज आमच्या बचत गटातल्या एका ताईची गोष्ट सांगतो. तिला विचारूनच सांगतोय, नाव मात्र घेत नाही.

ताई तीन महिने मीटिंगला आली नाही, हप्ताही थकला. घरी गेलो तर ती कोपऱ्यात बसून एकटीच बोलत होती. शेजारणी म्हणाल्या, "बाहेरचं आहे." सासू म्हणाली, "हिला माहेरी पाठवते, पोरांना मामाकडं." खरं सांगायचं तर आम्हालाही तेच बरं वाटलं.

आमच्या आशाताईंनी मात्र तिला जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, "स्किझोफ्रेनिया आहे. औषधानं आटोक्यात राहतो, पण बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका."

सुरुवातीला गोळ्यांनी तिला फार झोप यायची. मग आम्ही कामं वाटून घेतली. एकीनं मुलांचा डबा करायचा, एकीनं तारखेला दवाखान्यात सोबत जायचं. एक दिवस ताई म्हणाली, "डबा पोरांच्या हातात देऊ नका, माझ्याकडं द्या. मी देईन त्यांना."

आम्ही गप्पच झालो. मदत करता करता आम्ही तिचं आईपणच काढून घेत होतो. त्या दिवसापासून डबा तिच्याच हातात देतो. पालकसभेला ती जाते, आमच्यातली एक सोबत असते.

थोरल्या लेकीला वाटायचं, आपण हट्ट केला म्हणून आई अशी झाली. तिला जवळ घेऊन सांगितलं, "बाळा, हा आजार आहे. तुझ्यामुळं झालेला नाही. भीती वाटली तर रात्रीसुद्धा मावशीचं दार वाजव."

मैत्रिणींनो, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की आई उपचारासाठी दाखल असेल, तर तिच्या ३ वर्षांखालच्या बाळाला सहसा तिच्यापासून वेगळं करू नये. बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात. आजारी बाई जिवाचं बरंवाईट करायचं बोलली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

ताईच्या हप्त्याला आम्ही मुदत दिली. तिचं नाव वहीत आहे, तसंच राहील.

तुमच्या गटात कुणाची लागोपाठ गैरहजेरी लागत असेल, तर दंड लावण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या.