यंत्राचा आवाज आणि मुलांचा कान

(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा आवाज आता स्मार्टफोनमध्ये आला आहे. अँड्रॉइड फोनवर गूगलचा मराठी आवाज विनामूल्य मिळतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यास तर 'टॉकबॅक' ही सोय पडद्यावरील अक्षरे बोलून दाखविते. अशा उपयुक्त साधनाकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. परंतु ज्या आवाजावर मुलाचा कान घडावयाचा, तो पारखून घेणे हे आपले कर्तव्य होय.

आवाज गोड आहे म्हणजे उच्चार बिनचूक आहे, असे समजू नये. पूर्वीची काही यंत्रे ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडून बोलत, म्हणून ती अडखळत. आजची यंत्रे माणसाच्या वाचनावरून शिकतात, म्हणून ती सहज बोलतात. तथापि आपली लिपी काही भेद दाखवीतच नाही. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' लिहावयास एक, उच्चारावयास दोन. 'जग विशाल आहे' आणि 'शंभर वर्षे जग' या वाक्यांत तर सबंध शब्द सारखा, पण 'ज' निराळा. आपण अर्थावरून उच्चार ठरवितो. यंत्रास तो संदर्भावरून ताडावा लागतो आणि तेथे ते चुकू शकते.

दुसरी अडचण भाषेच्या निवडीची. हिंदीची लिपीही देवनागरीच असल्यामुळे फोनवर हिंदी आवाज राहून गेला, तर मराठी धडा हिंदी वळणाने वाचला जातो. 'ज्ञान'चे 'ग्यान' होते, २५ चे 'पच्चीस' होतात. डोळस मूल पुस्तक पाहून सावरेल. ब्रेल पुस्तक हाताशी नसलेल्या मुलास मात्र तो आवाज हेच पुस्तक असते. गडहिंग्लजसारख्या सीमेलगतच्या भागात घरी कन्नड बोलणारे मूलही मराठी उच्चारासाठी बव्हंशी शाळेवरच विसंबून असते.

म्हणून फोनमधील वाचनाची भाषा मराठी असल्याची प्रथम खात्री करावी. धडा वर्गात लावण्यापूर्वी स्वतः ऐकावा. च, ज, ज्ञ, ण, ळ आणि आकडे यांकडे विशेष लक्ष द्यावे. चुकलेले शब्द फळ्यावर लिहून मुलांकडून नीट म्हणवून घ्यावेत. दृष्टिहीन विद्यार्थ्याशेजारी बसून ते शब्द त्यास स्वतः उच्चारून दाखवावेत.

आणि नव्या धड्याचे पहिले प्रकटवाचन शिक्षकानेच करावे. मुलाच्या चेहऱ्यावर शंका दिसताच थांबून तेच वाक्य पुन्हा वाचणे आपणांसच साधते. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.