वडिलांकडचं कुणी विचारतच नाही



उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून सुरतेला आलेली आपली कितीतरी कुटुंबं राहतात. त्या घरांतल्या एखाद्या बाईला स्तनाचा कॅन्सर निघाला की डॉक्टर विचारतात, घरात आणखी कुणाला होता का? आईकडे कुणालाच नाही, असं उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं. वडिलांकडचं विचारलं की सगळे गप्प. आज मला त्याच बाजूविषयी बोलायचं आहे, पण आधी पेशीत काय घडतं ते सांगतो.

आपला डीएनए दुपदरी असतो. क्ष-किरणांनी, किंवा पेशी स्वतःची नक्कल करत असतानाही, कधी कधी त्याचे दोन्ही पदर एकाच जागी तुटतात. टोकाला टोक चिकटवून पेशी ही तूट चटकन सांधू शकते, मात्र जोडावरची काही अक्षरं गळण्याची भीती असते. नक्कल तयार झालेली असेल तर दुसरी वाट मोकळी होते. फाटलेल्या साडीची वेलबुट्टी रफूगार त्याच डिझाइनची अखंड साडी शेजारी पसरून उतरवतो, तशी ही दुरुस्ती होते. तुटलेल्या टोकांचा एकेक पदर थोडा कुरतडला जातो. उघड्या पडलेल्या दुसऱ्या पदरावर रॅड-५१ या प्रथिनाची माळ चढते. तीन अब्जांहून जास्त अक्षरांतून ही माळ आपल्याशी जुळणारा मजकूर हुडकते आणि त्यावरून हरवलेला भाग पुन्हा लिहिला जातो. माझ्या मते पेशीतलं याहून थक्क करणारं काम क्वचितच असेल.

टोकं तयार करायला बीआरसीए-१ हे प्रथिन मदत करतं, तर रॅड-५१ला जागेवर आणून बसवतं बीआरसीए-२. शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली पहिल्याच्या जनुकाचा ठावठिकाणा १७व्या गुणसूत्रावर दाखवला. दुसऱ्याचं जनुक १३व्यावर आहे. ही दोन्ही गुणसूत्रं बाई-पुरुष सगळ्यांकडे सारखीच असतात. म्हणून बिघडलेली प्रत वडिलांकडून मुलीला येण्याची शक्यता आईइतकीच, म्हणजे निम्मी. वडील स्वतः बहुधा ठणठणीत असतात. प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर पुरुषाला होतो, तोही ध्यानात धरा.

एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम करत असते. एखाद्या पेशीत तीही गेली की नेमकी दुरुस्ती थांबते आणि चुका साचत जातात. असा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे सत्तर जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो, असं २०१७ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए-१मध्ये शंभरात ४४, बीआरसीए-२मध्ये १७.

म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाल, माहेरवाशिणी जमल्या असतील, तेव्हा वही घेऊन बसा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ काढा. ज्याला कॅन्सर झाला त्याचा आकार काळा करा, शेजारी वय लिहा. आत्या, चुलत बहिणी, आजोबांच्या बहिणी, कुणालाही सोडू नका. "तिच्या पोटात पाणी झालं होतं" असं कुणी म्हणालं तर तिथे थांबा. तो अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो, आणि घरात त्याला ते नावच कधी मिळालेलं नसतं.

पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, रिपोर्टवर 'ट्रिपल निगेटिव्ह', कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, यातलं काही असेल तर आपल्या कॅन्सर डॉक्टरांकडे जनुक-तपासणीचा विषय काढा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या खारघर केंद्रात यासाठी खास ओपीडी आहे. शक्य असेल तर तपासणी आजारी व्यक्तीपासून सुरू करावी. तिच्यात दोष सापडला तर बाकीच्यांचा फक्त तेवढाच भाग पाहावा लागतो, आणि ज्या बहिणीत तो नसेल तिच्या डोक्यावरचा हा वाढीव धोका उतरतो. रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल लिहून आला तर त्यावरून कुणीही ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये.

दोष सापडला तर लवकर एमआरआय आणि मॅमोग्राफी, पुढे मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढणं, असे पर्याय असतात. औषधही आहे. ओलापरिब पेशीची आणखी एक दुरुस्तीची वाट अडवतं. कॅन्सरच्या पेशीकडे नेमकी दुरुस्ती आधीच नसते म्हणून ती मरते, आणि चांगली प्रत शाबूत असलेली निरोगी पेशी बहुतांशी तगते. मात्र जनुकाचा रिपोर्ट हाती असल्याशिवाय डॉक्टरांना या औषधाचा नीट विचार करता येत नाही. म्हणून आत्याच्या बायोप्सीचे जुने कागद कुठल्या पेटीत असतील तर ते जपून ठेवा आणि येताना सोबत आणा.