मुळांवरच्या गाठी

(विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला भूगोलाचा शिक्षक. वनस्पतिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार तो किती? परंतु नववीच्या मुलांनी मातीविना हरभरा वाढवला, त्यात माझी जी चूक झाली ती सांगण्याचा अधिकार मात्र माझाच आहे.

आपला सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. ज्वारी, तूर, हरभरा ही आपली पिके. हवेत सुमारे 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. कडधान्याच्या मुळांवर गाठी करून राहणारे रायझोबियम जिवाणू ते घेतात आणि पिकाला देतात. पीक त्यांना साखर पुरवते. हे आपण पुस्तकात वाचतो. मुलांना ते डोळ्यांनी पाहावयाचे होते. मातीत गाठी तुटतात, म्हणून धुतलेली वाळू डब्यांत भरून, खतद्रव्याचे पाणी घालून रोपे वाढवायचे ठरले.

कृषी सेवा केंद्रातून हरभऱ्याच्या जिवाणूंचे पाकीट आणले. गुळाच्या थंड पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळले आणि बियाणे सावलीत सुकवले. पाण्यात मी तयार मिश्रखत सढळ हाताने घातले. रोपे हिरवीगार झाली. महिन्याने उपटली, तर मुळे पांढरी स्वच्छ. गाठ एकही नाही! एका मुलीने विचारले, "सर, जिवाणू मेले का?" मी म्हणालो, "पाकीट खराब असेल." तिने पाकिटावरची तारीख दाखवली. मुदत संपली नव्हती. मी गप्प झालो.

चूक माझ्या खतात होती. तयार नत्र भरपूर मिळाले की रोप जिवाणूंना घरात घेतच नाही. पाहुण्याला पोसायला साखर खर्च करावी लागते. गरज नसताना ती कोण करील?

दुसऱ्या वेळी तीन डबे केले. पहिल्यात नत्रासह सर्व द्रव्ये. दुसऱ्यात नत्र वगळून स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि लेशमात्र मॉलिब्डेनम, शिवाय जिवाणू. तिसऱ्यात तेच द्रावण, पण जिवाणू नाहीत. तिसऱ्या डब्यातील रोपे पिवळी पडून खुंटली. दुसऱ्यातील आधी फिकी होती, मग हिरवी झाली. गाठ कापली तेव्हा आत गुलाबी रंग निघाला. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे जणू भावंडच ते. जिवाणूंना प्राणवायू बेताने पुरवते. मुळे सतत पाण्यात बुडाली तर गाठींना हवा मिळत नाही, म्हणून पाणी निथळू द्यावे.

आमचा प्रयोग काही नवा नव्हे. जर्मनीत हेल्‌रिगेल यांनी अशाच वाळूच्या कुंड्यांतून 1886 साली हे रहस्य जगापुढे मांडले, आणि 1888 साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढले.

हल्ली बाजारात समुद्रशेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल अशी जैव-उत्तेजके मिळतात. ती मुळांच्या वाढीस मदत करतात. पण ती खत नव्हेत आणि जिवाणूंची जागाही घेत नाहीत. 2021 पासून ती केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा लेबल वाचूनच घ्यावीत. जिवाणूंचे पाकीट घेताना पिकाचे नाव व मुदत पाहावी. हरभऱ्याचे जिवाणू तुरीला चालत नाहीत. पाकीट उन्हात ठेवू नये. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी.

त्या मुलीच्या वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन आहे. ते हरभऱ्यालाही ज्वारीसारखाच युरिया टाकीत. शिफारस हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद एवढीच आहे; ते थोडे नत्र गाठी धरेपर्यंतच्या दिवसांसाठी. मुलीने घरी तिन्ही डब्यांतली रोपे नेऊन दाखवली. वडील मला भेटले व म्हणाले, "सर, पोरगी म्हणते तसं अर्ध्या रानात करून बघतो. नाही जमलं तर उरलेलं अर्धं आहेच." पीक अजून शेतात उभे आहे. निकाल काय लागेल, हे मी आज सांगू शकत नाही. पण मुलीच्या शब्दावर बापाने अर्धे रान दिले, हे लहान नव्हे.

पालकहो, दहावी जवळ आली असता डब्यांत वेळ का घालवता, असे आपणांपैकी काहींनी मला विचारले. माझे उत्तर एवढेच की, तयार उत्तरांचे गाइड हातात दिले की मुले माझ्या पहिल्या डब्यातील रोपांसारखी हिरवीगार दिसतात. मुळे पाहण्यासाठी थोडी उपटून बघावी लागतात. आपल्या मुलामुलींना प्रश्न विचारू द्या, आणि आम्हा शिक्षकांची चूक दाखवू द्या.