जपानच्या भाषा शाळेत जाण्याआधीचं एक वर्ष

(दिल्लीत शिकणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींसमोर मुखर्जीनगरमधल्या एका अभ्यासिकेत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला बोलावताना मित्रांनी बजावलं होतं, 'प्रेरणा देऊ नकोस, काय काय लागतं तेवढं सांग.' मला ते पटलं. तुमच्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. मीही तसाच. हिंगोली जिल्ह्यातलं गाव, आईवडील दोघंही मजुरीला. बी.एस्सी. करून यूपीएससीसाठी दिल्लीत आलो. दोन प्रयत्न गेले. याच भागात एका पार्टनरचं जुनं जपानी पुस्तक हाती लागलं आणि पुढे जपानच्या भाषा शाळेत दोन वर्षं काढली. आता मानेसरच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. पण पहिल्या खेपेला माझा अर्ज नाकारला गेला होता. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी हे ठरवा की तुम्हाला भाषा शाळाच हवी आहे का. जपानला जायचे रस्ते अनेक आहेत, आणि आपल्या मुलांना बहुधा सगळ्यात महागडाच दाखवला जातो. पदव्युत्तर किंवा संशोधनासाठी जायचं असेल तर जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे. फी, विमानाचं तिकीट, दरमहा भत्ता सगळं मिळतं. दूतावासामार्फतचा अर्ज इथेच, शांतिपथावरच्या जपानी दूतावासाकडे जातो. मार्चपासून त्यांची वेबसाइट पाहत राहा. थेट नोकरी हवी असेल तर 'विशिष्ट कुशल कामगार' हा व्हिसा आहे. त्यासाठी भारत आणि जपानमध्ये जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही भाषेची परीक्षा आणि त्या कामाची कौशल्य परीक्षा द्यायची. नर्सिंग केअर, शेती, हॉटेल अशा क्षेत्रांत हे चालतं, भाषा शाळेची गरज नाही.

भाषा शाळा कुणासाठी? ज्याच्याकडे पदवी आहे, भाषेत एन-२ पर्यंत जायचं आहे आणि त्यानंतर पदवीशी जुळणारी ऑफिसची किंवा तांत्रिक नोकरी, नाहीतर पुढचं शिक्षण हवं आहे, त्याच्यासाठी. तिथे जास्तीत जास्त दोन वर्षं शिकता येतं. आणि या रस्त्यावर शिष्यवृत्ती जवळजवळ नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही विद्यापीठातल्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत. भाषा शाळा त्यात बसत नाही. म्हणजे पैसे आपले, आणि इथेच आपली अडचण सुरू होते.

ही अडचण नीट समजून घ्या. आपण शाळेपासून तहसील कार्यालयात रांगा लावल्या त्या उत्पन्न कमी आहे हे सिद्ध करायला. शिष्यवृत्ती हवी, वसतिगृह हवं, फी माफी हवी, प्रत्येक वेळी उत्पन्नाचा दाखला. कागद कसे जमवायचे हे आपल्याला पाठ आहे, पण ते एकाच दिशेचे. जपानचा अर्ज उलटं विचारतो. तुमचा खर्च कोण करणार, त्याची कमाई किती, बँकेत किती शिल्लक आहे आणि ती शिल्लक कशी जमली? गेल्या तीन वर्षांचा हिशेब मागतात. ज्या घरात पगाराची स्लिप कधी आली नाही, आयकर विवरणपत्र हा शब्दही आला नाही, त्या घराने काय दाखवायचं?

दिल्लीतल्या एका एजंटने मला सांगितलं, 'टेन्शन मत लो, बैंक बैलेंस हम दिखा देंगे.' चुलत्याच्या खात्यात अर्जाच्या आदल्या महिन्यात नऊ लाख आले, पंधरा दिवसांनी गेले. चुलत्याचा किराणा दुकानाचा धंदा आहे असा दाखला तयार झाला. चुलत्याचं दुकान नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि तरी मी सही केली. हेही तुमच्यापुढे सांगायला हवं. जपानच्या इमिग्रेशन कार्यालयाने पात्रता प्रमाणपत्र नाकारलं. एजंटने घेतलेले ऐंशी हजार परत आले नाहीत. त्यासाठी आईने पोत गहाण ठेवली होती. आणि नकाराची नोंद राहते. पुढच्या अर्जात 'याआधी अर्ज केला होता का, नाकारला गेला का' हे विचारलेलं असतं, आणि तिथे खरंच लिहावं लागतं.

दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगतो. आधी गुरुग्राममध्ये दीड वर्ष नोकरी केली. पगार खात्यात येत होता, फॉर्म १६ मिळत होता, विवरणपत्र भरलं. दादा एसटीत कंडक्टर आहे. त्याच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचा दाखला आणि तीन वर्षांचं पासबुक घेतलं. खर्च करणारा म्हणून दादा, आणि सोबत माझी स्वतःची बचत. रक्कम मोठी नव्हती, पण प्रत्येक रुपया कुठून आला ते दिसत होतं. पहिला नकार का आला हेही एका पानावर स्पष्ट लिहिलं. या वेळी प्रमाणपत्र आलं.

म्हणून सांगतो, एक वर्ष उशीर झाला तर होऊ द्या. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून साठवलं, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पैसे त्यात घातले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. पैशाची तयारी हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग होता.

आता कागदांचा क्रम. पहिला पासपोर्ट. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि पदवीवर तुमचं नाव इंग्रजीत एकसारखं लिहिलेलं आहे का ते आज रात्रीच पाहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये आहे, दुसरीकडे नाही. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. पासपोर्टवर जे नाव असेल तेच जपानच्या प्रत्येक कागदावर जातं. दुरुस्ती करायची तर आत्ता, कारण विद्यापीठातल्या दुरुस्तीला महिने जातात. पदवी प्रमाणपत्राचा अर्जही भरून टाका. मधली वर्षं रिकामी असतील तर ती काय करण्यात गेली ते लिहायचं. 'यूपीएससीची तयारी' हे लाजण्यासारखं उत्तर नाही, पण क्लासची पावती किंवा परीक्षेचं प्रवेशपत्र जोडा. जपानी शिकून पुढे काय करणार, याचं निवेदन स्वतः लिहा. एजंटकडची तयार निवेदनं शंभर मुलांची एकच असतात, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. बऱ्याच शाळा एजंटला प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, म्हणजे तो तुमच्याकडूनही घेतो आणि तिकडूनही. शाळेला थेट ई-मेल करता येतो, इंग्रजीत उत्तर देणारं माणूस बऱ्याच ठिकाणी असतं. शाळा सरकारमान्य आहे का ते तपासा. एप्रिल २०२४ पासून जपानच्या शिक्षण मंत्रालयाने भाषा शाळांना मान्यता देण्याची नवी पद्धत सुरू केली आहे. जुन्या शाळांना मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे. 'तुम्हाला नवी मान्यता मिळाली का, नसेल तर अर्ज केला आहे का' हे शाळेला विचारा.

प्रवेश मुख्यतः एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असतात, काही शाळांत जुलै आणि जानेवारीतही. एप्रिलला जायचं तर आदल्या वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये अर्ज द्यावा लागतो. पात्रता प्रमाणपत्रासाठी शाळाच तिकडे तुमच्या वतीने अर्ज करते. निकाल फेब्रुवारीच्या शेवटी येतो, मग फी, मग दिल्लीत व्हिसा. प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं. सुरुवातीला फक्त अर्जाचं शुल्क द्यायचं. वर्षाची फी प्रमाणपत्राचा निकाल आल्यावर, शाळेच्या जपानमधल्या खात्यात, आपल्या बँकेतून पाठवायची. कुणी आधीच रोख मागत असेल तर उठून या.

आता हिशेब करू. अलीकडे एक येन साधारण ५५ ते ६० पैसे आहे. वर्षाची फी सात ते नऊ लाख येन. राहणं, जेवण, प्रवास धरून महिन्याला लाखभर येन लागतात. टोकियोत जास्त, लहान शहरात कमी. म्हणजे पहिलं वर्ष वीस लाख येनच्या आसपास, अकरा-बारा लाख रुपये. एजंट म्हणतो, 'पार्ट टाइम में निकल जाएगा.' करून पाहू. परवानगी घेतल्यावर आठवड्याला २८ तास काम करता येतं, सगळ्या नोकऱ्या मिळून. ऑक्टोबर २०२५ पासून टोकियोत किमान मजुरी तासाला १,२२६ येन आहे. चार आठवड्यांचे ११२ तास म्हणजे सुमारे १ लाख ३७ हजार येन. त्यात भाडं, जेवण आणि विमा भागतो, थोडं उरतं. पुढच्या वर्षाची पूर्ण फी त्यातून निघेल असं धरू नका. आणि भाषा येत नसेल तर पहिले दोन-तीन महिने कामच मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षाची फी आणि सहा महिन्यांचा खर्च, मिळून चौदा लाख येन, म्हणजे साधारण आठ लाख रुपये हातात असल्याशिवाय निघू नका. तिकीट वेगळं. सावकाराचे पैसे घेऊन तर मुळीच नको. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की मुलं २८ चे ४० तास करतात, वर्गात झोपतात, हजेरी घसरते आणि व्हिसा वाढत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच दहा महिन्यांत परतला. कर्ज तसंच राहिलं.

भाषा इथूनच शिकून जा. बहुतेक शाळा निदान दीडशे तासांचा अभ्यास किंवा एन-५ मागतात. मी म्हणेन एन-४ करा, म्हणजे पहिल्याच महिन्यात काम शोधता येईल. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, दिल्लीत केंद्र आहे, अर्ज काही महिने आधी भरावा लागतो. लाजपतनगरला जपान फाउंडेशन आहे, तिथलं ग्रंथालय बघा. त्यांचं 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, 'मिनातो' या साइटवर ऑनलाइन वर्ग आहेत. महागडा क्लास लावण्याआधी हिरागाना आणि काताकाना घरी पाठ करा, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. मराठी माणसाला एक सोय आहे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागून लागतात. त्यांच्या अक्षरांचा क्रमही अ, इ, उ आणि मग क, स, त, न असा जातो. बौद्ध धम्मासोबत तिकडे गेलेल्या संस्कृत अक्षरज्ञानाचा तो परिणाम आहे. 'इंग्रजी कच्चं आहे' म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इथे इंग्रजी माध्यमवाला आणि तुम्ही एकाच रेषेवर उभे असता.

उतरल्यावर मोठ्या विमानतळांवर निवासाचं कार्ड हातात मिळतं. तिथेच अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज द्या. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा, राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घाला. दवाखान्याचा साधारण ३० टक्के खर्चच मग आपल्यावर येतो. वय वीसच्या वर असेल तर पेन्शनची नोटीस येईल. ती फेकू नका, विद्यार्थ्यांना हप्ते पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण अर्ज करावा लागतो. पहिले सहा महिने शाळेच्या वसतिगृहात राहा. परदेशी माणसाला घर नाकारणारे मालक तिथेही आहेत.

शेवटी आडनावाबद्दल. दिल्लीत खोली शोधताना 'पूरा नाम?' हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. जपानच्या फाइलमध्ये जात प्रमाणपत्र नव्हतं. माझ्या आयुष्यातली ती पहिली फाइल तशी. तिथे सगळे आडनावानेच हाक मारतात, पुढे 'सान' लावून. माझ्या आडनावाला आदराचा प्रत्यय लागलेला मी रोज ऐकत होतो. पण एका भारतीय हॉटेलात कामाला गेलो तेव्हा मालकाने पहिल्या दिवशी गाव, आडनाव आणि घरी काय खातात ते विचारलं. तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरातून भांड्यांवर पाठवलं. मी ते काम सोडून जपानी सुपरमार्केटात लागलो. जपानही स्वच्छ नाही. तिथल्या बुराकू समाजाने १९२२ मध्ये क्योटोत सुईहेइशा ही संघटना उभी केली. १९७५ मध्ये उघड झालं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्या विकत घेत होत्या, नोकरीतून माणसं गाळायला. आपल्याकडे आडनाव पाहतात, तिथे पत्ता पाहत होते. हे माहीत असू द्या, म्हणजे कुणी तसं वागलं तर 'माझंच काही चुकलं' असं वाटणार नाही.

या आठवड्यात तीन कामं करा. सगळ्या कागदांवरचं नाव जुळवा. घरात नियमित पगार असलेलं जवळचं माणूस कोण आहे ते पाहा, आणि त्याच्याशी पैशाबद्दल मोकळं बोला. आणि स्वतःची थोडी का होईना, पण दर महिन्याला खात्यात जाणारी बचत सुरू करा. आईची पोत मी दुसऱ्या वर्षी, जपानहून पैसे पाठवून सोडवली. तुमच्यापैकी कुणाच्या आईला ती गहाण ठेवावी लागू नये, म्हणून आज आलो.

प्रश्न असतील तर विचारा, मी थांबलो आहे. जय भीम.