तातडीच्या निरोपाची वाट

वैनगंगेचें पाणी आणि पाण्याची वार्ता यांची शर्यत लागते, तेव्हां वार्तेनेंच जिंकलें पाहिजे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशांत अतिवृष्टि होऊन संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें. गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकांठचीं गांवें पुरांत सांपडलीं. अशा समयीं असंख्य माणसें एकदमच दूरध्वनि करूं लागतात. बिनतारी लहरींची वाट अरुंद. तींत कुशलप्रश्न आणि प्राणरक्षणाचा निरोप एकाच रांगेंत अडकतात.

हा पेंच जुनाच आहे. संकटांतील जहाजाच्या हांकेस अग्रमान १९०६ च्या बर्लिन करारानें दिला होता. परंतु तो संकट ओढवल्यावरचा. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’चा बिनतारी यंत्रचालक उतारूंच्या खासगी तारा धाडण्यांत गढला होता. ‘कॅलिफोर्नियन’ जहाजानें बर्फाची वार्ता दिली. तीवर तातडीची खूण नव्हती; त्यानें ती मध्येंच तोडली. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे.

आतां सूचनेसाठीं निराळी वाट राखतां येते. मनोरा एकदांच संदेश उच्चारतो आणि त्याच्या टापूंतील प्रत्येक भ्रमणध्वनि तो एकाच वेळीं ऐकतो. संभाषणांच्या गर्दीचा त्यास अडथळा होत नाहीं. भारतांत २०२३ सालीं याच्या चांचण्या झाल्या. मात्र ऊठसूट घंटा वाजली, तर खऱ्या घंटेकडेही कोणी पाहणार नाहीं. यंत्रानें वाट राखावी, माणसानें संयम राखावा; ज्याच्या गळ्याशीं पाणी आलें आहे, त्यास आधीं बोलूं द्यावें.