दुकानाची वही आणि संगणक

वसईच्या होळी बाजारांत सकाळचा व्यवहार मोठ्या वेगाचा असतो. भाजीची जुडी, केळीचा लोंगर, नारळ, किराणा. कांहीं रोख, कांहीं उधार, तर कांहीं मोबाईलवरून थेट बँकेंत. दुपारीं दुकानदार वही उघडून बसतो, तेव्हां सकाळचें सारेंच त्याच्या स्मरणांत उरलेलें नसतें. आणि ज्या उधारीची नोंद राहिली, ती बहुधा बुडते. अशा दुकानदारापुढें आज एक नवा प्रश्न उभा आहे. वही मिटून हिशेब संगणकावर ठेवावयाचा, तर कोणतें सॉफ्टवेअर पत्करावें?

या प्रश्नाचें उत्तर जाहिरातींत शोधूं नये; तें आपल्याच जुन्या वहींत शोधावें. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद हीं नांवें मराठी व्यापाऱ्यास परकीं नाहींत. लुका पाचोली नांवाच्या इटालियन ख्रिस्ती साधूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या गणितग्रंथांत दुहेरी नोंदीची रीत मांडून दाखविली. बंगलोरांत १९८६ सालीं श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याला साजेसें हिशेबाचें साधन मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनीं तें लिहिलें. पुढें तेंच ‘टॅली’ म्हणून देशभर पसरलें. साधन बदललें, पण जमा आणि नांवें यांचा न्याय बदलला नाहीं. फरक इतकाच कीं, एकदां नोंद केली म्हणजे खतावणी, मालाचा साठा आणि कराचा आंकडा हे तिन्ही संगणक आपण होऊन मांडतो. मात्र नोंद खोटी असेल, तर ती तिन्ही ठिकाणीं तितक्याच तत्परतेनें खोटी मांडतो.

तेव्हां पहिला विचार गरजेचा. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. केवळ करमुक्त ताजी भाजी व फळें विकणाऱ्यास त्याची नोंदणी लागत नाहीं. केवळ माल विकणाऱ्या इतर दुकानदारास महाराष्ट्रांत वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर गेली कीं सामान्यतः ती लागते. दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्यास आपसमेळ योजनेचा सोपा मार्ग आहे. पण त्यास ग्राहकाकडून वेगळा कर घेतां येत नाहीं. या तिघांच्या गरजा तीन प्रकारच्या आहेत. पहिल्यास उधारीची चोख वही पुरे. तिसऱ्याच्या बिलावर कराचा रकाना छापणारें साधन त्यास अडचणींतच टाकील.

दुसरा विचार मालाचा. केळीं लोंगरानें घ्यावयाचीं आणि डझनानें विकावयाचीं. त्यांतलीं कांहीं नासावयाचीं. घेण्याचें माप निराळें, विकण्याचें निराळें. हा हिशेब ज्या साधनास जमत नाहीं, तें कितीही नामांकित असलें तरी त्या दुकानाच्या कामाचें नव्हे. फुकट मिळणारें ‘ग्नूकॅश’ दुहेरी नोंदीस उत्तम आहे; परंतु भारतीय कराच्या विवरणपत्रांची आयती सोय त्यांत नाहीं.

तिसरा विचार वही राहते कोठें याचा. जुलै २०१८ च्या पावसांत वसई-विरार पाण्याखालीं गेलें आणि अनेक भागांतील वीज बंद पडली. ज्याचा सारा हिशेब दुकानांतल्या एकाच संगणकांत, त्यानें अशा दिवशीं काय करावें? म्हणून रोज दुकान मिटण्यापूर्वीं एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. हिशेब दूरच्या संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीचें वर्गणीदार व्हावयाचें असेल, तर आधीं विचारावें: वर्गणी थांबली तर जुनी वही वाचावयास मिळेल काय? नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास आपलीं हिशेबपुस्तकें वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावीं लागतात. आपला हिशेब सुटा काढून नेतां येत नसेल, तर ती वही आपली नव्हे, परक्याची झाली.

चौथा विचार विश्वासाचा. कोणती नोंद कोणीं व केव्हां बदलली याची खूण राखणारें सॉफ्टवेअरच वापरावें, असें बंधन कंपन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून आलें. भावाभावांच्या दुकानास तें लागू नाहीं; पण घरांतला संशय टाळावयास ती खूण फार उपयोगी पडते.

निवड करतांना उतावीळ होऊं नये. आपल्याच धंद्यांतले दहा अवघड व्यवहार कागदावर लिहावे: परत आलेला माल, अर्धवट फिटलेली उधारी, मोबाईलवरून चुकून दुप्पट आलेली रक्कम. विक्रेत्यानें ते दहाही समोर नोंदवून दाखविल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. रोज बसून लिहिणार कोण, तेंही आधीं ठरवावें. तो मुलगा असो वा सून, त्यास कळेल अशा भाषेंत पडदा दिसावा. मग महिनाभर जुनी वही व नवा संगणक दोन्ही चालवावीं. महिनाअखेर दोहोंचा ताळा पडला, तरच १ एप्रिलला जुनी वही मिटावी. आणि ताळा न पडल्यास दोष यंत्रास देण्यापूर्वीं त्या दिवशींचा गल्ला पुन्हा एकदां मोजावा.