वेगळे केलेले आणि मागे उरलेले



खनिज तेल म्हटले की भूगर्भातून तयार तेल उसळते, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुस्थिती तशी नाही. १९७४ साली मुंबई हायचा शोध लागला आणि २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. अशा विहिरींतून वर येते ते तेल, वायू आणि खारे पाणी यांचे मिश्रण. ते मोठ्या दाबपात्रात घेऊन दाब पायरीपायरीने उतरवला की वायू वर जातो, तेल मध्ये राहते, पाणी तळाशी बसते. तेलात अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब उष्णता, रसायने आणि विद्युत्क्षेत्र यांच्या साहाय्याने काढावे लागतात. वायूतील बाष्प ग्लायकॉल शोषून घेते. विषारी व नळ गंजविणारा हायड्रोजन सल्फाइड अमाइनच्या द्रावणाने वेगळा करतात. मुंबई हायचे तेल व वायू उरणला येतात आणि तेथे त्या वायूतून स्वयंपाकाचा गॅस निघतो.

तेलशुद्धीकरण कारखाना ही यापुढची पायरी. तेथे तेलातील क्षार धुतात, ते तापवून उंच मनोऱ्यात सोडतात आणि उत्कलनबिंदूनुसार नाफ्था, रॉकेल, डिझेल वेगळे करतात. शेवटी गंधक काढतात.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. एकाच कच्च्या मालातून अनेक वस्तू निघतात, तेव्हा कोणत्या वस्तूचा उत्पादनखर्च किती, हे नेमके सांगता येत नाही. जमाखर्च लिहिणारा सोयीने वाटणी करतो. परंतु ज्याला गिऱ्हाईकच नाही, ते तेलकट सांडपाणी, तो गाळ, तो धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा? त्याला भाव नसतो, म्हणून तो खतावणीत नसतो. भाव नसला तरी किंमत असतेच, आणि ती शेजारचा माणूस मोजतो.

रत्नागिरी जिल्ह्याने याचा अनुभव निरनिराळ्या रूपांत घेतला आहे. दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ साली नाफ्थ्यावर सुरू झाला आणि दराच्या वादात २००१ साली बंद पडला. तेथेच २०१३ साली द्रवरूप वायूचे टर्मिनल सुरू झाले आणि नळ थेट बंगळूरपर्यंत गेला. देशाची गरज भागली, यात गैर काही नाही. पण ज्या किनाऱ्यावर वायू उतरतो, त्या किनाऱ्याच्या पदरात काय पडले, हा हिशेब कोणी मांडला?

पुढे नाणारला वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा शुद्धीकरण कारखाना योजला गेला. लोकविरोधामुळे २०१९ च्या मार्चमध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग राजापूर तालुक्यातील बारसूचे नाव पुढे आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती-परीक्षणाची यंत्रे पोलीस बंदोबस्तात सड्यावर आली, तेव्हा गावच्या स्त्रिया वाटेत आडव्या झाल्या. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण सड्याचा जांभा सच्छिद्र असतो; वर पडलेला पाऊस त्यातून झिरपून खालच्या झऱ्या-विहिरींना मिळतो. वर काही सांडले तर तेही त्याच वाटेने जाईल, हे त्या स्त्रियांना कोणत्याही अहवालावाचून ठाऊक होते.

तेलच नको, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नव्हे. मच्छीमाराची होडी डिझेलवर चालते, आंब्याच्या पेट्या ट्रकने वाशीला जातात. प्रश्न तेलाचा नसून हिशेबाचा आहे. असा प्रकल्प कोठेही उभा राहो, किती पाणी लागेल, वापरलेले पाणी कोठे सोडणार, गाळ कोठे ठेवणार, नुकसान झाल्यास भरपाई कोण व कशी देणार, हे जमीन मोजण्यापूर्वी ग्रामसभेपुढे मराठीत, आकड्यांसह मांडले पाहिजे. आणि तो हिशेब पाहून ग्रामसभेने दिलेला नकार हा नकारच मानला गेला पाहिजे. यंत्र तेल आणि पाणी वेगळे करते. लाभ एकाला आणि झीज दुसऱ्याला, ही वाटणी मात्र माणसेच करतात; म्हणून ती बदलणेही माणसांच्याच हाती आहे.